मीटरचा कान

विरार पूर्वेला, चंदनसारात, लग्नसराईत दोन प्रकारची माणसं भेटतात. हळदीच्या रात्री नाचणारी, आणि त्याच रात्री खिडक्या लावून बसणारी. बरेचदा ती एकच असतात. हळद कोणाच्या घरची, एवढाच काय तो फरक.

ज्यांचा वाद मी ऐकला ते दोघं मात्र या दोन्हींत बसत नाहीत. बाई कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरा त्यांचाच एके काळचा विद्यार्थी, आता साउंड भाड्याने देतो. बेस, टॉप, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, वर चार लाइटी आणि टेम्पो असा सगळा संसार. त्याचा गाळा आमच्या इमारतीमागच्या गल्लीत. सोसायटीच्या सत्यनारायणासाठी माइक ठरवायला मी गेलो, तर बाई आधीच प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या. पायाशी पिशवी, पिशवीत आवाज मोजायचा मीटर. सोबत नात, तिच्या हातात चुरमुऱ्यांची पुडी.

बाई : तुझ्या स्पीकरच्या डब्यांनी आमच्या मांडणीतली ताटं वाजतात रे.

साउंडवाला : ताटं वाजली म्हणजे आवाज मोठा होता असं थोडंच आहे, बाई? मांडणीचा स्क्रू सैल असेल.

बाई : सैल आहेच. पण तो बारा महिने सैल असतो आणि ताटं फक्त हळदीला वाजतात. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक वारंवारता असते. बाहेरून नेमका तोच ठेका आला की ती वस्तू त्यात सामील होते. अनुनाद. बारावीला तुला हे दोन गुणांना आलं होतं.

साउंडवाला : मग काय, ताटांना विचारून गाणी लावू?

बाई : ताटांना नको विचारूस. यजमानाला न विचारता आवाज थोडा उतरव.

साउंडवाला : थोडा म्हणजे किती? इथेच सगळी भांडणं होतात. तुमच्या कानाला जे मोठं, ते नाचणाऱ्याला कमी. शेजारच्या आजोबांना ऐकूच येत नाही. आवाज हा ऐकणाऱ्याच्या कानात असतो, बाई. डब्यातून नुसती हवा निघते.

मला हे वाक्य आवडलं. बाईंना अजिबात नाही. त्यांनी त्याला एक बेस जमिनीवर पाठीवर झोपवायला लावला, त्यातून पन्नास हर्ट्झचा साधा सूर सोडायला सांगितलं आणि नातीला म्हणाल्या, टाक त्यावर चुरमुरे.

पोरीने मूठभर टाकले. बेसच्या काळ्या कोनावर चुरमुरे तव्यावरच्या मोहरीसारखे उडायला लागले. साउंडवाल्याने गेन वाढवला तसे ते आणखी उंच उडाले, काही जमिनीवर पडले. मग बाईंनी गेन होता तिथेच ठेवून वारंवारता दोनशेवर न्यायला सांगितली. सूर चढला, कानाला आवाज उलट जास्त स्पष्ट लागला, आणि चुरमुरे मात्र जागच्या जागी थरथरत बसले.

बाई : कोन सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होतोय, ती वारंवारता. किती अंतर पुढेमागे होतोय, तो आयाम. पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागे गेला की विरळ होते, आणि ती दाबाची लाट सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने गल्लीत निघते. यातलं काहीही कोणाच्या कानात नाही. उद्या सगळं चंदनसार बहिरं झालं तरी चुरमुरे उडणारच.

साउंडवाला : उडतील. पण त्याला आवाज कोण म्हणेल?

बाई : मीटर म्हणेल.

आता थोडं डेसिबलबद्दल सांगायला हवं, कारण या शब्दाने जेवढा घोळ घातलाय तेवढा ध्वनिशास्त्रातल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाने घातलेला नाही. निरोगी कानाला ऐकू येणारा अगदी बारीक आवाज हवेच्या दाबात २० मायक्रोपास्कल एवढीच चलबिचल करतो. कान दुखायला लागतो तेव्हा ती चलबिचल दहा लाखपट झालेली असते. एवढा पल्ला सरळ आकड्यांत मांडायचा तर शून्यं मोजता मोजता पुरेवाट व्हायची. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या अभियंत्यांनी तारेतून जाताना आवाज किती घटतो ते मोजण्यासाठी लॉगॅरिथमची पट्टी वापरली, तिला ग्रॅहम बेलचं नाव दिलं, आणि तिचा दहावा भाग तो डेसिबल. ते दहा लाखपट अंतर या पट्टीवर ० ते १२० मध्ये बसतं. शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही असंही नव्हे. तो फक्त मोजायला सुरुवात करण्याचा दगड. त्याखालीही आवाज असतो आणि तो उणे आकड्यात लिहितात.

साउंडवाल्याला लॉग टेबल आठवत नव्हतं, पण धंद्यातून त्याला हे सगळं दुसऱ्या बाजूने माहीत होतं.

साउंडवाला : गिऱ्हाईक म्हणतं, दोन बेस आहेत, चार लाव, आवाज डबल पाहिजे. मी लावतो, भाडं डबल घेतो. आवाज काही डबल होत नाही. थोडा भरतो एवढंच.

बाई : ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. डबे एकमेकांना खेटून, एकाच सिग्नलवर असतील तर खालच्या सुरांत ६ मिळतील. पण माणसाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. १० डेसिबल म्हणजे दहापट वीज.

साउंडवाला : म्हणजे एक हजार वॅटच्या जागी दहा हजार. बघा, तुम्हीच म्हणालात. कागदावर दहापट आणि कानाला दुप्पट. मग खरं कोण?

बाई : दोन्ही. एक तीव्रता आहे, दुसरा तिचा कानाला बसणारा मोठेपणा. तू दोन्हींना ‘आवाज’ म्हणतोस म्हणून तुला ती लबाडी वाटते.

यानंतर जे झालं त्याने वादाचा रोख बदलला. बाईंनी मीटर काढला आणि गाळ्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. बेसवर पुन्हा पन्नासचा सूर. पत्र्याचं शटर झणझणत होतं, माझ्या छातीत कोणीतरी हलकेच ठोसे देत होतं. मीटरवर आकडा आला : ७०.

साउंडवाला हसायला लागला. ‘सत्तर? बाई, सत्तरला माणसं गप्पा मारतात. हे सत्तर आहे?’

बाई हसल्या नाहीत. मीटरच्या बाजूला एक बारीक बटण असतं, त्यावर ए आणि सी अशी अक्षरं. त्यांनी ते ए वरून सी वर केलं. आकडा ९९ झाला. सूर तोच, डबा तोच, बाई जिथे होत्या तिथेच.

साउंडवाला : हे काय? मीटर बिघडलाय.

बाई : नाही बिघडला. मघाशी तो माणसासारखा ऐकत होता. आता जसं आहे तसं ऐकतोय.

आपला कान सगळ्या सुरांना सारखी दाद देत नाही. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो सगळ्यात तिखट असतो. लहान मुलाचं रडणं, कुकरची शिट्टी इथे लागते. खाली पन्नासला तो बराच मठ्ठ. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसांना सूर ऐकवून हे आलेखात मांडलं. त्यावरून १९३६ च्या अमेरिकन मानकात मीटरला कानाची चाळणी बसवली. ए चाळणी मंद आवाजांसाठी, मोठ्या आवाजांसाठी वेगळी. कारण आवाज मोठा होत जातो तसा कानाचा खालच्या सुरांबद्दलचा मठ्ठपणा कमी होतो. पुढे सोयीसाठी जगाने ए चाळणीच सगळीकडे लावली. ती चाळणी पन्नास हर्ट्झला सरळ ३० डेसिबल वजा करते. शांत खोलीतल्या कानासाठी बेतलेलं हे माप आपण हळदीच्या मांडवाला लावतो.

आपल्या कायद्यातही तेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, लाउडस्पीकर असेल तर सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. हे सगळे आकडे ए चाळणीतून गाळलेले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यंसुद्धा. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण पोलिसाच्या हातातला मीटर ज्या बेसने ताटं वाजतात त्या बेसकडे अर्धवट कानानेच बघतो.

साउंडवाल्याने ही संधी सोडली नाही.

साउंडवाला : झालं तर मग! मी काय म्हणत होतो? मीटरला जे कळत नाही ते छातीला कळतं. आणि तुम्ही मला आकडे दाखवता.

बाई : गाणं लावलंस की हा फरक इतका राहणार नाही, दहा-पंधरावर येईल. नुसता बेस असेल तरच तीस. पण मुद्दा खरा आहे. मी तो चाळीस मुलांच्या वर्गात कधी सांगितला नाही. अभ्यासक्रमात नव्हता.

साउंडवाला : आणखी एक सांगू? फोनवर माझ्या बापाचा आवाज येतो तो जाडच येतो. त्या एवढ्याशा स्पीकरमधून जाड आवाज निघेल कसा? निघत नाही. मी फोन मिक्सरला लावून पाहिलंय, खालचं काहीच नसतं. तरी मला बाप बारीक आवाजात बोलतोय असं कधी वाटत नाही.

बाई : हे तू स्वतः पाहिलंस?

साउंडवाला : आमच्या धंद्यात रोजचंच आहे.

बाईंना हे मनापासून आवडलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झच जात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तो तारेत शिरतच नाही. पण त्याचे तिप्पट, चौपट, पाचपट असे वरचे सूर पोचतात, आणि मेंदू त्यांच्यातलं समान अंतर ओळखून हरवलेला मूळ सूर आपणच भरून काढतो. घंटेचंही तसंच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी आपापल्या देवळांत नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांतलीच मानतात. अशा मोठ्या घंटेवर टोला पडताच जो सूर आपल्याला ‘हा घंटेचा’ म्हणून ऐकू येतो, तो पुष्कळदा धातूच्या कंपनांत त्या जागी सापडतच नाही. वरच्या तीन सुरांवरून कान तो जुळवतो. सुराची उंची ही मीटरने मोजायची गोष्टच नाही. मीटर वारंवारता मोजतो, उंची माणूस ठरवतो.

इथवर साउंडवाला जिंकत होता. मग बाईंनी त्याला टॉपमधून एक सूर सोडायला लावला. हजार हर्ट्झ. मीटर त्यांच्या हातात.

बाई : हळूहळू वर ने. आवाज आहे तेवढाच ठेव.

त्याने गोल बटण फिरवायला सुरुवात केली. दोन हजार. तीन. चारच्या पुढे गेल्यावर त्याचा हात आपोआप गेनकडे गेला. ‘बारीक झाला वाटतं,’ म्हणत त्याने गेन चढवला आणि पोरीने दोन्ही कानांवर हात दाबले, चुरमुऱ्यांची पुडी खाली. मलाही दात शिवशिवल्यासारखं झालं.

बाईंनी मीटर त्याच्यासमोर धरला. गेन चढवेपर्यंत आकडा हजाराला होता तेवढाच होता. सूर बारीक झालाच नव्हता.

बाई : आता कान खरा की मीटर?

तो काही बोलला नाही. बाईही क्षणभर थांबल्या. त्याला चिडवायला त्यांनी हे केलं नव्हतं. आतल्या कानात शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाचा मार आधी बसतो तो चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या पेशींना, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा : ८५ डेसिबलला रोज आठ तास चालतील, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शंभराला पंधरा मिनिटं. हळद पंधरा मिनिटांत आटपत नाही, आणि मिक्सरवाला तर वरात संपेपर्यंत जागचा हलत नाही.

बाई : टॉप तू एवढा का चढवतोस ते आता कळलं मला. तुला तो बरोबर ऐकू यावा म्हणून चढवतोस. बाकीच्यांना तो बोचतो.

साउंडवाला : कोणी बोललं नाही आजवर.

बाई : कसं बोलतील? तुझ्यापुढे बोललेलं ऐकू येतं का कोणाला?

माझ्या मते दोघांच्या भांडणातला हाच खरा भाग होता. कान आपल्यापासून लपवतो ते मीटर सांगतो, मीटर गाळून टाकतो ते कान आणि छाती सांगतात. पण कान बिघडला तर बिघडलाय हे कानाला कळायची सोय नसते. मीटर निदान दुसऱ्या मीटरशी ताडून बघता येतो.

यानंतर बोलणं गल्लीवर आलं. आमची गल्ली दोन इमारतींच्या मध्ये, सुमारे सात मीटर रुंद. साउंडवाल्याचं म्हणणं असं की या गल्लीत मांडव लागला की बेसचं गणितच लागत नाही. भिंतीला टेकून उभं राहा, कानठळ्या बसतात. भिंतीपासून दोन पावलं पुढे या, बेस गायब. गल्लीच्या मधोमध जा, पुन्हा हजर. त्याला वाटायचं जमीन वाईट आहे. बाईंनी कागद मागितला, मग कागद नको म्हणाल्या, तोंडीच सांगितलं. ३० अंश उष्म्याला आवाजाचा वेग ३४९ मीटर, भागिले पन्नास, तरंगलांबी सात मीटर. अख्खी एक लाट गल्लीत नेमकी बसते. दोन्ही भिंतींवरून परत येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून उभ्या राहतात. भिंतीपाशी आणि मधोमध दाब जास्तीत जास्त, आणि भिंतीपासून पावणेदोन मीटरवर जवळजवळ काहीच नाही.

साउंडवाला : पावणेदोन म्हणजे माझी दोन पावलंच की. चांगली गोष्ट आहे. इतकी वर्षं मी डबे हलवत बसलो.

बाई : डबे हलवून तुला जे कळलं तेच मी सांगितलं. फक्त तुला ते दुसऱ्या गल्लीत पुन्हा हलवून बघावं लागेल, मला नाही.

तेवढ्यात मला वाटलं आपणही काहीतरी विचारावं. मी विचारलं, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो असं वाचलंय. मग हिवाळ्यात दुरून कुठून कुठून हळदीचा ठोका रात्री घरात कसा येतो? बाई म्हणाल्या, मोकळ्या जागेतल्या एका डब्यासाठी ते ठीक आहे. पण थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज उबदार हवेत भरभर पळतो, त्यामुळे वर निघालेली लाट वाकून पुन्हा खाली येते. पहाटेच्या लोकलचा भोंगा स्टेशनपासून इतक्या लांब, अंथरुणात ऐकू येतो तो याच वाटेने. उन्हाळ्याच्या दुपारी तोच भोंगा येत नाही, कारण तेव्हा वाकणं उलट, आकाशाकडे. म्हणजे लग्नसराईतली थंडीची रात्र ही साउंडवाल्याला फुकटात मिळालेली लाइन अ‍ॅरे, आवाज लांब फेकणारी डब्यांची माळ, असं मी म्हणालो. दोघांनाही विनोद फारसा रुचला नाही.

साउंडवाला : बरं, बाई, करू काय ते सांगा. आवाज उतरवला तर यजमान पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. त्याचा डीजे माझ्यापेक्षा वाईट आहे.

बाई : बेस पुढे जातो तितकाच मागेही जातो ना?

साउंडवाला : चारी बाजूंनी. खालच्या सुरांना दिशा नसते.

बाई : मग त्यांना दिशा द्यायची. तीन डबे घे. दोन नाचणाऱ्यांकडे तोंड करून, मधला उलटा. उलट्याची तारही उलटी जोड आणि त्याला काही मिलिसेकंद उशीर दे. मागच्या बाजूला लाटा एकमेकींना खातात, पुढे जवळजवळ सगळं शिल्लक राहतं. मागे इमारत, पुढे मांडव.

साउंडवाला : कार्डिऑइड म्हणतात त्याला. मोठ्या शोला करतात. मला येतं ते.

बाई : येतं?

साउंडवाला : येतं. पण तिसरा डबा पुढच्या लोकांसाठी वाजणारच नाही म्हटल्यावर त्याचं भाडं यजमान देईल का? त्याला डबे मोजता येतात, बाई. तीन आणले आणि एक भिंतीकडे तोंड करून ठेवला तर तो म्हणेल, साउंडवाला चढवून आलाय.

बाई : मग मला घेऊन चल. मी सांगते त्याला. मीटर घेऊन येते.

साउंडवाला : तुम्ही या. मीटर नको. मीटर बघितला की लोकांना पोलीस आठवतो.

बाईंनी मीटर पिशवीत टाकला, पण पिशवी हातातच ठेवली. माझ्या माइकचं भाडं त्याने पाचशे सांगितलं. बाई समोर होत्या म्हणून चारशेवर आला.